बेंच प्रेसचा रॉड मध्येच अडकतो? फळ्या लावण्याआधी हे तपासा

बेंच प्रेस म्हणजे बेंचवर उताणं पडून रॉड छातीपर्यंत आणायचा आणि परत वर ढकलायचा. लक्षणं आधी. रॉड छातीला टेकतो, सुटतोही झोकात, आणि सहा-सात बोटं वर येऊन थांबतो, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकावी तसा. कोपरं बाहेर फाकतात, कंबर बेंचवरून उठते, मागे उभा असलेला दोस्त ‘तुझंच आहे, तुझंच आहे’ ओरडत दोन बोटं लावतो. हा सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार. दुसऱ्या प्रकारात रॉड जवळजवळ पोचलेला असतो, कोपर सरळ व्हायला वीतभरही अंतर उरलेलं नसतं, आणि तिथं हात लटपटायला लागतात. तिसऱ्यात तो छातीवरून हलतच नाही. चौथ्यात एक हात पुढं निघून जातो, दुसरा मागं राहतो आणि रॉड तिरका होतो. या चौघांचंही रडगाणं शेवटी एकच: आकडा महिनोन्‌महिने तिथंच. ९० किलोला अडकलेला पोरगा दर सोमवारी ९२.५ लावतो आणि दर सोमवारी तोच तमाशा होतो.

मी लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत संध्याकाळी पोरांना शिकवतो. दिवसा नोकरी. पंधरा-सोळा वर्षांत ही एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की पोरगा दारातून आत येताना छातीवर बोट ठेवून आला की पुढचं वाक्य मला पाठ असतं: ‘‘दादा, रॉड इथंच अडकतो.’’ अलीकडं त्याला शेपूट जोडलं गेलंय: ‘‘दादा, फळ्या लावू का?’’ मोबाइलवर धिप्पाड अमेरिकन छातीवर लाकूड ठेवून दोनशे-अडीचशे किलो ढकलताना दिसतात, त्यामुळं दहा-वीस किलोंची वाढ फळीतच दडलेली आहे असं वाटतं.

फळी कामाची आहे. पण मी तिला आधी मोजपट्टी म्हणून वापरतो, औषध म्हणून नंतर. आणि मोजायच्याही आधी पाच गोष्टी बघतो. त्यांना बहुतेक एक पैसाही लागत नाही. दहातल्या सहा-सात पोरांचा दोष तिथंच सापडतो आणि लाकडाला हात लावायची वेळच येत नाही.

फळी म्हणजे नेमकं काय

छातीवर उभी ठेवलेली लाकडी पट्टी. एक टोक गळ्याच्या हाडाखाली, दुसरं पोटाकडं. रॉड छातीपर्यंत न येता लाकडावर टेकतो आणि तिथून वर जातो, म्हणजे खालचा तेवढा प्रवास कापला जातो. अमेरिकेत घरबांधणीसाठी मिळणारी ‘टू बाय सिक्स’ पट्टी यासाठी वापरतात. ती नावाला दोन इंच, प्रत्यक्षात जाडी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. ती झाली ‘एक फळी’. दोन म्हणजे ७६ मिलिमीटर, तीन म्हणजे ११४.

हा प्रकार जगभर पोचवला तो ओहायोतल्या कोलंबस शहराच्या वेस्टसाइड बारबेल या व्यायामशाळेनं. तिथले गुरू लुई सिमन्स २०२२ मध्ये वारले. आता यातली मेख लक्षात घ्या. तिथले बरेच जण स्पर्धेत बेंच शर्ट घालून उचलायचे. हा शर्ट जाड, चिवट कापडाचा असतो. रॉड खाली आला की तो ताणला जातो आणि छातीवरून वर येताना उचलणाऱ्याला ढकलतो. म्हणजे खालचं काम बरंचसं शर्ट करतो आणि शर्टाचा जोर संपला की पुढचं सगळं ट्रायसेप्सच्या, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूंच्या, गळ्यात पडतं. त्यांना वरच्या अर्ध्या भागाची ताकद हवी होती, म्हणून फळ्या. आपला पोरगा भोकं पडलेल्या बनियनवर उचलतो. त्याला खालून ढकलणारं कोणी नाही. त्यामुळं त्यांचा उतारा जसाच्या तसा इथं लावला की महिनाभरात तीन फळ्यांवर ११० होतात आणि छातीवरून मात्र ९० चे ८७.५ होतात. हे मी पोरांच्या बाबतीत पाहिलंय. त्याआधी स्वतःच्या बाबतीत पाहिलं. एक अख्खा पावसाळा मी तीन फळ्यांवर मिरवत होतो आणि गणपतीनंतर छातीवरून उचलायला गेलो तर रॉड माझ्यावर बसला.

पहिली तपासणी: ते वजन खरंच तुझं आहे का?

खर्च शून्य. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून बेंचच्या उंचीवर, बाजूनं ठेवायचा. मागे उभा राहणाऱ्याला दम द्यायचा की रॉड खाली जायला लागल्याशिवाय हात लावायचा नाही. मग व्हिडिओ हळू करून बघायचा.

दोन गोष्टी दिसतात. एक, दोस्ताची बोटं. आमच्याकडचा एक पोरगा १०० किलो मारतो असं सगळी चाळ मानत होती. व्हिडिओत शंभरातले पाच-सात किलो त्याच्या मित्राचे होते, आणि मित्राला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. त्याची खरी बेंच ९२.५ च्या आसपास. तो ‘अडकला’ नव्हताच, त्याचा हिशेब चुकला होता.

दुसरी गोष्ट उसळी. रॉड बरगड्यांवर आपटून चेंडूसारखा वर येतो. उसळीच्या जोरावर पहिली चार-सहा बोटं फुकट मिळतात, आणि उसळी जिथं संपते तिथं रॉड अडकतो. बघणाऱ्याला वाटतं मधला भाग कमजोर आहे. प्रत्यक्षात खालचा भाग कमजोर असतो आणि उसळीनं तो झाकलेला असतो. स्पर्धेत रॉड छातीवर स्थिर झाल्यावर पंच ‘प्रेस’ म्हणतात, तोवर ढकलायचं नसतं. तसंच करून बघा: छातीवर एक सेकंद थांबा, मग ढकला. अडकण्याची जागा खाली सरकली तर पुढं फळ्यांच्या भानगडीत पडायचं कारण नाही. सहा आठवडे असं छातीवर थांबूनच मारा, एवढंच.

दुसरी: प्लेटा वजन करा

हसू नका. जुन्या व्यायामशाळांत ओतीव प्लेटा कुठून कुठून आलेल्या असतात, आणि त्यावर उमटवलेल्या आकड्यावर फार विसंबू नये. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भंगारवाला आहे. एका रविवारी आम्ही सगळ्या प्लेटा हातगाडीवर घालून त्याच्या काट्यावर नेल्या. ‘२०’ लिहिलेली एक १८.९ किलो भरली, तिची जोडीदारीण २०.६. म्हणजे रॉडच्या दोन बाजूंत पावणेदोन किलोंचा फरक. ज्या पोराचा उजवा हात ‘कमजोर’ म्हणून आम्ही महिनाभर डंबेल मारून घेत होतो, त्याच्या उजव्या बाजूला नेहमी ती जड प्लेट यायची. भंगारवाल्यानं पैसे घेतले नाहीत. ‘विकणार असाल तेव्हा या’ म्हणाला.

खरं वजन रंगानं प्लेटेवर लिहून ठेवा. रॉडही तोला. स्पर्धेचा रॉड २० किलोचा असतो, पण सात फुटी दिसणारा प्रत्येक रॉड २० चा नसतो. दोन व्यायामशाळांतले तुमचे आकडे जुळत नसतील तर बहुधा कारण हेच.

तिसरी: बैठक, म्हणजे पाठ, पाय आणि पकड

मुंबईत इथंच निम्मं गणित बिघडतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या हॉलमध्ये दोन पंखे गरम हवा फिरवत असतात. तिसऱ्या सेटला बेंचच्या रेक्झिनवर पाठीच्या आकाराचं तळं होतं. खांद्याची पाती मागं खेचून, एकमेकींजवळ आणून बेंचमध्ये रुतवायची असतात. घामावर ती टिकत नाहीत. ढकलताना अंग डोक्याकडं सरकतं, पाती सुटतात, खांदे पुढं येतात आणि त्याच क्षणी जोर जातो. रॉड मध्येच अडकतो तो कित्येकदा इथं. उपाय: बेंचवर जुन्या योगा मॅटचा तुकडा किंवा खरखरीत सुती टॉवेल ताणून बांधणं, घसरणाऱ्या ड्रायफिटऐवजी सुती टी-शर्ट, आणि पाठीला थोडी व्यायामाच्या खडूची पावडर. त्याच पावडरनं तळवेही कोरडे राहतात. पावसाळ्यात बाहेरची चप्पल आत आली की शहाबादी फरशी बर्फासारखी होते आणि पायांचा रेटा कुचकामी ठरतो. पायाखाली रबराचा तुकडा टाका.

रॉड ज्या हुकांवर ठेवलेला असतो त्यांची उंची बघा. हूक फार वर असतील तर रॉड काढतानाच हात वर ताणावे लागतात आणि मघाशी मेहनतीनं आवळलेली पाती सुटतात. कोणाला तरी रॉड काढून द्यायला सांगा.

पकडीसाठी रॉडवर गुळगुळीत कड्यांच्या खुणा असतात, त्या ८१ सेंटीमीटर अंतरावर. स्पर्धेत तर्जनी त्यांच्या बाहेर जाऊ देत नाहीत. मध्यम बांध्याच्या माणसानं करंगळी त्या खुणेवर ठेवून सुरुवात करावी. रॉड छातीवर असताना समोरून बघितलं तर मनगटापासून कोपरापर्यंतचं हाड उभं दिसायला हवं. कोपर मनगटाच्या आत असेल तर पकड जास्त रुंद झालीय, बाहेर असेल तर जास्त अरुंद. आणि अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच पाहिजे. तो मोकळा ठेवण्याची फॅशन दर दोन वर्षांनी येते. आमच्याकडं तसं करणाऱ्याला मी बेंचवरून उठवतो, मग तो कुणीही असो.

चौथी: रॉडची वाट

पुन्हा व्हिडिओ. बऱ्याच जणांचा समज असा की रॉड सरळ वर जायला हवा, लिफ्टसारखा. तसा तो जात नाही. तो छातीच्या खालच्या भागाला, साधारण स्तनाग्रांच्या रेषेत किंवा किंचित खाली टेकतो आणि वर जाताना मागं, खांद्यांच्या वर सरकतो. बाजूनं बघितलं तर वाट तिरकी, वळण घेतलेली दिसते. याचं कारण साधं आहे. रॉड खांद्याच्या सांध्यापासून जितका पुढं, तितका खांद्याला तो लांबून पेलावा लागतो. भरलेली बादली अंगाजवळ धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथं. छातीवरून सुटल्या सुटल्या रॉड मागं न्यायला सुरुवात केली तर अडकण्याची जागा पार करता येते. पोटावरच सरळ वर ढकलला तर सहा-सात बोटांवर तो थांबणारच.

कोपरं खाली जाताना अंगाशी साधारण ४५ ते ७० अंशांत असू द्या. पूर्ण चिकटवलीत तर छाती कामातून जाते, पूर्ण फाकवलीत तर खांद्याचं काही खरं नाही. वर येताना अडकण्याच्या जागेपाशी कोपरं थोडी बाहेर वळू दिली तर बिघडत नाही, उलट मदतच होते.

यावर फार लिहीत नाही. रिकाम्या रॉडवर पन्नासेक वेळा करा, हाताला वाट समजते.

पाचवी: कॅलेंडर

सोमवार छातीचा, हा जणू सरकारी नियम आहे. पण गुरुवारी ‘हलकी’ छाती, शनिवारी मित्राबरोबर परत छाती, असं चाललेलं असतं, आणि तिन्ही दिवशी शेवटचा सेट मरेपर्यंत. थकवा साठत जातो आणि थकलेलं अंग सगळ्यांत कमजोर जागी दगा देतं. चार महिने न हललेल्या आकड्यासाठी मी पहिल्यांदा काय करतो? एक आठवडा वजन ६० टक्क्यांवर आणतो आणि सेट निम्मे करतो. पोरं हिरमुसतात. पुढच्या सोमवारी निम्म्यांचा आकडा हललेला असतो.

आमच्या भागात आणखी एक भानगड आहे. गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. खालच्या थरातली पोरं म्हणजे आमचीच बेंच मारणारी पोरं, दुसरं कोण असणार? रात्री अकरापर्यंत खांद्यांवर माणसं उभी, आणि दुसऱ्या संध्याकाळी येऊन म्हणणार की दादा, लॉकआउट (वर कोपर सरळ होणं) जात नाही. जाईल कसा? त्यात श्रावण. अंडी-मांस बंद, आणि त्याच्या जागी पोटात काय जातं, तर साबुदाण्याची खिचडी आणि वडापाव. श्रावण पाळा, माझं काही म्हणणं नाही, पण पनीर, दही, उसळी, डाळी, शेंगदाणे मोजून खा. नाहीतर त्या महिन्यात नवा आकडा काढायची अपेक्षा ठेवू नका. दहीहंडीनंतर दोन आठवडे थांबून मगच बेंचची तक्रार माझ्याकडं आणायची, असा मी नियमच केलाय.

लोकलचंही सांगतो. कर्जत-कसारा लाइनवरून येणारा एक पोरगा रोज तासभर वरच्या कडीला एकाच, उजव्या हातानं लटकून यायचा. त्याचाच उजवा खांदा बेंचला कुरकुरायचा. हात बदलायला सांगितलं, तीन आठवड्यांत कुरकुर गेली.

सहावी: आता फळ्या, मोजण्यासाठी

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच लाकूड आणा. विकत काही घ्यायची गरज नाही. आमची पहिली फळी शेजारची चाळ पाडली तेव्हाची. कंत्राटदार बर्मा सागवानाच्या तुळया ट्रकमध्ये भरत होता, त्यातला एक तुटका तुकडा मागून घेतला आणि ओळखीच्या सुतारानं रंधा मारून दिला. शंभरेक वर्षं कुणाचं तरी छप्पर पेललेलं लाकूड. अजून एक चीर गेलेली नाही. कडेला जुन्या खिळ्याचं काळं भोक तेवढं आहे. पोरं त्यात अंगठा अडकवून फळी धरतात.

तुम्हाला सागवान नको. १९ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन तुकडे फेव्हिकॉलनं चिकटवून वर चार स्क्रू मारले की ३८ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर एक फळी. स्क्रूची डोकी लाकडात पूर्ण बुडलेली हवीत. रुंदी साडेपाच इंच, लांबी सोळा इंच. सर्वांत खालची फळी दोन फूट ठेवा, म्हणजे धरणाऱ्याला मूठ मिळते. सुताराकडं पडलेले तुकडे नसतील तर रे रोडच्या लाकूड बाजारात मिळतात. कडा पॉलिश पेपरनं गोल करा. असे तीन नग करा. पावसाळ्यात ते भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, दमटपणानं प्लाय फुगतो आणि ‘तीन फळ्या’ नकळत जाड होतात. आमच्या खुंटीला टांगलेल्या असतात.

धरणारा बाजूला उभा राहून फळी छातीवर दाबून ठेवतो. त्याची बोटं कडेला, वरच्या बाजूला कधीही नाही. रॉड खाली येतोय आणि बोट मध्ये आहे, हे एकदाच होतं. फळीचं टोक गळ्याकडं सरकू द्यायचं नाही. धरायला कोणी नसेल तर टी-शर्टच्या आत सरकवता येते, पण फळ्यांचं काम एकट्यानं करूच नये. वजन नेहमीपेक्षा जास्त असतं, आणि फळी निसटली तर ते छातीवर येतं. रॅकच्या आडव्या सुरक्षा दांड्या छातीच्या उंचीला हव्यात. फळीच्या उंचीला लावल्या तर रॉड दांड्यांवर टेकेल आणि मोजमाप चुकेल.

मोजायचं असं. सोमवारी छातीवरून थांबून, मग एका फळीवर. गुरुवारी दोन आणि तीन फळ्यांवर. एकाच दिवशी चारही केलंत तर शेवटचा आकडा थकव्याचा येईल. प्रत्येक ठिकाणी एकदाच, स्वच्छ जाईल तेवढं सर्वांत जास्त वजन. फळीवर रॉड आपटायचा नाही. हळूच टेकवायचा, एक सेकंद थांबायचं, अंग सैल सोडायचं नाही, मग ढकलायचं. टेकण्याची जागाही तीच, छातीवर जिथं टेकतो तिच्या बरोबर वर. फळीवर आडवं पडून आराम करणारे खूप बघितले. त्यांचे आकडे मी वहीत लिहीत नाही.

माझ्या वहीत साधारण तीन तऱ्हेची पानं आहेत. छातीवरून ९० किलो, एका फळीवर ९२.५, दोनवर ९७.५, तीनवर १०२.५: हे सरळ पान. कुठंही खड्डा नाही, सगळंच थोडं थोडं वाढवायला हवं. दुसरं: ९०, मग ९७.५, ११० आणि तीनवर ११७.५. हा पोरगा वर दांडगा आहे, खाली कच्चा. तिसरं: ९०, ९०, ९२.५, ९५. प्रवास कापून दिला तरी आकडा वाढत नाही, म्हणजे वरचा भाग मागं पडलाय. हा ढोबळ हिशेब आहे. लांब हातांच्या माणसाला तीन फळ्या लावूनही बराच प्रवास उरतो, म्हणून त्याचे आकडे जवळजवळ येतात. बेंचवर पाठीची कमान मोठी आणि हात आखूड असलेल्याला तीन फळ्यांवर जेमतेम वीतभर ढकलावं लागतं. म्हणून दुसऱ्याच्या पानाशी आपलं पान जुळवू नका. दोन महिन्यांनी स्वतःच्याच पानाशी जुळवा.

सातवी: पानाप्रमाणे काम

तिसरं पान असेल तर फळ्या तुमच्यासाठीच आहेत. आठवड्यातून एकदा, बेंचच्या दोन दिवसांपैकी दुसऱ्या दिवशी, दोन किंवा तीन फळ्या. जिथं अडकता त्याच्या किंचित खाली रॉड टेकेल अशी उंची निवडा, म्हणजे त्या जागेतून वेगानं जाण्याची सवय होते. चार सेट, प्रत्येकी तीन ते पाच वेळा, आणि आणखी एक-दोनदा जाईल एवढा जोर राखून. पकड नेहमीची किंवा एक बोट आत. तीन आठवडे एका उंचीवर, मग एक फळी कमी करून तीन आठवडे. पहिल्या दिवशीची छातीवरून थांबून मारलेली बेंच मात्र एकाही आठवड्यात चुकवायची नाही. ताकद ज्या पल्ल्यात कमावता तिथंच जास्त मुरते. वरच्या अर्ध्यात कमावलेली ताकद आपोआप खाली झिरपत नाही. मी तो पावसाळा घालवला तो हे न कळल्यामुळं.

दुसरं पान असेल, आणि बनियनवाल्या पोरांत तेच सर्वांत जास्त असतं, तर तीन फळ्या खुंटीलाच राहू द्या. छातीवर दोन सेकंद थांबून हलक्या वजनाचे सेट, पूर्ण खाली जाणारं डंबेल प्रेस, आणि पाठीचं काम दुप्पट. रॉड खाली आणताना खांदे मागं, जागेवर धरून ठेवते ती पाठच. इथं फळीचा एकच उपयोग मला मानवलाय, त्याला आमची पोरं ‘जिना उतरणं’ म्हणतात. एक वजन ठरवायचं, समजा ९२.५. पहिल्या आठवड्यात ते दोन फळ्यांवर तीनदा. पुढच्या आठवड्यात तेच एका फळीवर. तिसऱ्या आठवड्यात मधल्या पायरीसाठी १९ मिलिमीटरचा एकच तुकडा. चौथ्यात छातीवरून एकदा. वजन तेच राहतं, प्रवास वाढतो. काळाचौकीचा एक पोरगा दीड वर्ष ९० वर होता, तो याच जिन्यानं ९५ ला गेला. दुसऱ्या एकाचं तिसऱ्या पायरीवर अडकलं आणि त्याला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

सरळ पान असेल तर फळ्यांचा नाद सोडा. जेवा, झोपा, दोन आठवड्यांनी सव्वा किलो वाढवा. सव्वा किलोसाठी लहान प्लेटा लागतात. त्या नसतील तर फळ्यांआधी त्या घ्या.

कुठं थांबायचं आणि कोणाकडं जायचं

वरच्या सगळ्या तपासण्या ताकदीच्या तक्रारीसाठी आहेत, दुखण्यासाठी नाहीत. फळ्या लावल्या की खांदा दुखत नाही म्हणून फळ्यांवरच चालू ठेवणारे भेटतात. खालच्या पल्ल्यात दुखतंय ही माहिती आहे, ती लाकडाखाली झाकू नका.

खांद्याच्या टोकाला, गळ्याचं हाड संपतं तिथं बोट ठेवल्यावर दुखत असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, शर्ट चढवताना कळ येत असेल आणि दोन आठवडे बेंच बंद ठेवूनही फरक नसेल, तर फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांचे डॉक्टर. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, तरीही तेच. जिममधल्या दादानं, म्हणजे मीसुद्धा, यात हात घालू नये. मालिश करून ‘नस बसवणारे’ लालबागमध्ये गल्लोगल्ली आहेत, त्यांनी तर नाहीच.

जड वजन खाली आणताना छातीत किंवा काखेपाशी ‘फट्’ असं काही तुटल्यासारखं झालं, नंतर काखेच्या पुढची घडी दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळी दिसली, दंडावर निळं-जांभळं पसरलं, तर छातीचा स्नायू फाटलेला असू शकतो. ‘आठवडाभर शेकतो आणि बघतो’ म्हणायचं नाही. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती पहिल्या काही आठवड्यांत सोपी जाते, उशीर झाला की स्नायू आत आखडतो. बर्फ, हात झोळीत, आणि त्याच दिवशी ऑर्थोपेडिक. खाजगी परवडत नसेल तर केईएम आहे, सायन आहे. ओपीडीत सकाळी लवकर नंबर लावा.

छातीत दडपण, डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं जाणारी कळ, थंड घाम, यातलं काही असेल तर ‘छाती मारल्यामुळं दुखतंय’ असा अंदाज बांधत बसू नका. रॉड ठेवा आणि १०८ लावा. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी जड बेंचच्या आधीच डॉक्टरांना विचारावं. श्वास कोंडून ढकलताना दाब बराच चढतो.

डॉक्टरांनी परत सुरू करायला परवानगी दिली की मात्र खुंटीवरच्या फळ्या उतरवा. रिकामा रॉड, तीन फळ्या. आठवडाभर दुखलं नाही तर दोन. मग एक. मग छाती. वजन त्यानंतर.